वाऱ्याच्या खिडक्या

“मावशी, तुम्ही आणि सिस्टर एकमेकींच्या नक्की कोण लागता?”

प्रश्न सुटला तो सुटलाच. विचारणाऱ्या मुलीला, म्हणजे तोफेला, स्वतःचाच आवाज एवढा दणदणीत वाटला की समोरचा सायकलवाला चाकात हवा भरायचा थांबला असणार, अशी तिची खात्री झाली. तो काही थांबला नव्हता. पण कोपऱ्यावर टपालपेटीच्या आड दडलेल्या दोन माना मात्र कासवासारख्या आत गेल्या. एक चष्म्याची, म्हणजे ढापणी. दुसरी टपालपेटीच्या वर हातभर उरणारी, म्हणजे बांबू.

पेंटर मावशी शिडीवर होत्या. औषधांच्या दुकानाची नवी पाटी भिंतीला टेकवून उभी केली होती आणि त्या तिच्यावर अक्षरं काढत होत्या. डाव्या हातात काठी, काठीवर उजवं मनगट टेकलेलं, आणि ब्रश असा चालत होता की जणू अक्षर आधीपासूनच तिथे आहे आणि मावशी फक्त त्याच्यावरची धूळ झटकतायत.

“थांब,” त्या वळून न बघता म्हणाल्या. “अक्षर अर्धं टाकून बोलता येत नाही. रंग सुकला की जोड दिसते.”

तोफ थांबली. म्हणजे तिचे पाय थांबले. बाकी सगळी ती आतल्या आत उड्या मारत होती. पैज साधी होती. सगळ्या भागाला जे वर्षानुवर्षं विचारायचंय आणि कोणी विचारत नाही, ते जी मावशींना तोंडावर विचारेल तिचं दप्तर बाकीच्या दोघी आठवडाभर उचलणार. कोणी म्हणायचं, त्या आतेबहिणी आहेत. कोणी म्हणायचं, एक घरमालकीण आणि एक भाडेकरू. आणि काही जण काहीच म्हणायचे नाहीत, नुसत्या भुवया उचलायचे. भुवया उचललेलं तोफेला मुळीच आवडायचं नाही. का आवडायचं नाही, याचा विचार मात्र ती टाळत होती.

तोफ हे नाव तिला शाळेने दिलं होतं, तेही यंदाच. त्याआधी ती वर्गात इतकं हळू बोलायची की बाई म्हणायच्या, “अगं, पुस्तक तरी ऐकतंय का तुझं?” मग खेळांच्या दिवशी ऐन वेळी माइक बंद पडला, निवेदन करणारी ताई रडकुंडीला आली आणि ती ओळीतून उठून ओरडली, “रिले शर्यतीच्या मुलींनी खांबापाशी यावं!” मुली तर आल्याच, शिवाय शेजारच्या मैदानावरची दुसऱ्याच शाळेची मुलंही आली. त्या दिवसापासून ती तोफ. घरी अजून चिमणीच होती. घरी बातमी पोचली नव्हती.

मावशींनी अक्षर पुरं केलं, जरा मागे वाकून बघितलं, आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“ती माझं माणूस,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे... नात्याने?”

“हेच नातं. ती माझं माणूस आणि मी तिचं. अजून काय, सही-शिक्का हवाय?” आणि मग तोच सूर ठेवून, “पैज काय लागली होती?”

“दप्तर. आठवडाभर.” तोफेच्या तोंडून खरंच निघून गेलं.

“मग त्या पेटीमागच्या दोघींना म्हणावं, खांदे तेल लावून तयार ठेवा. आणि तू तो निळा डबा वर दे.”

तोफेने डबा वर दिला. मग जी धूम ठोकली ती थेट शाळेच्या फाटकापर्यंत. एवढंच! एवढं सोपं! सगळा भाग ज्याच्याभोवती पाय न वाजवता फिरत होता, ते मावशींनी पाटीवरच्या अक्षरासारखं सरळ, ठळक, लांबून वाचता येईल असं सांगून टाकलं होतं.

“काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?” ढापणीने तिचा हातच धरला.

“दप्तर उचल, मग सांगते.”

बांबूने हात पुढे केला. तिने दप्तर काढून खांद्याला लावलं आणि हसली. बांबू अशी हसली की तोफेची वात विझायची, हा यंदाचा आणखी एक शोध. तो मात्र तिने कोणालाच सांगितला नव्हता.

*

शाळेच्या प्रदर्शनाचा विषय होता ‘पहिली माणसं’. आपल्या भागात जे कोणी पहिल्यांदा काहीतरी केलं त्यांना शोधायचं, हॉलमध्ये बोलवायचं, सगळ्यांसमोर त्यांची ओळख करून द्यायची. कोणी पहिली बसचालक बाई शोधली होती, कोणी पहिला दातांचा डॉक्टर. ढापणीने स्वतःच्या आजोबांना धरलं होतं, कारण गल्लीत कपडे धुवायचं यंत्र पहिल्यांदा त्यांनी आणलं. “आणि पहिल्यांदा बिघडवलंही त्यांनीच,” ती अभिमानाने सांगायची.

तोफेने वर्गात हात वर केला तो जवळजवळ छताला लागला. “पहिली बाई-पेंटर!”

त्या दिवसापासून शाळा सुटली की ती मावशींच्या दुकानात. टर्पेंटाइनचा वास, खिळ्यांना उलटे टांगलेले ब्रश, आणि खडूच्या भुकटीत घोळवलेली एक दोरी. ही दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की कापडावर फटकन सरळ रेघ उमटते. तोफेने पहिल्यांदा सोडली तेव्हा रेघ कापडावर कमी आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावर जास्त उमटली.

“कपाळाची पट्टी सरळ आलीय,” सिस्टर आरशात बघून म्हणाल्या. “पोरगी शिकेल.”

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. बुटक्या, चपळ, आणि हसायला लागल्या की दुकानातले डबे वाजतात असं वाटायचं. दुकानाच्या मागेच दोघींचं घर होतं. चहा घेऊन त्या पुढे यायच्या आणि मावशी शिडीवर असल्या की खालूनच ओरडायच्या, “उतरा राणीसाहेब, दरबार थंड होतोय!” मावशी वरून म्हणायच्या, “रुग्णाला घाई करू नये.” रोज तेच. रोज दोघी हसायच्या.

मावशींनी सांगितलं ते असं. लहानपणी शेजारच्या पेंटरकडे ब्रश धुवायला जायच्या. पेंटर म्हणाला, मुलींचा हात थरथरतो. मावशी म्हणाल्या, माझा बघा. त्याने बघितला. मग पुढची सगळी वर्षं, शिडीवर बाई दिसली की खालून शिट्ट्या यायच्या आणि मावशींच्या हातून तेवढ्यात रंगाचा थेंब पडायचा. “योगायोग,” त्या म्हणायच्या. “नेहमी शिट्टीवाल्यावरच.”

हे सगळं तोफेने आनंदाने ऐकलं. पण एका दुपारी सिस्टर चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “अगं, माळ्यावरचं दाखव की तिला. पहिलं-पहिलं म्हणतेय पोरगी, तर खरं पहिलं ते आहे.”

मावशींचा हात थांबला. अक्षर अर्धं असताना थांबला.

“ते नको.”

“पण...”

“नको म्हटलं ना.”

सिस्टर कपबशी तिथेच ठेवून आत गेल्या. न हसता आत गेलेल्या त्या तोफेने प्रथमच पाहिल्या. माळ्यावर खरंच काहीतरी होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, दोन माणसांएवढं लांब. शाळेत आजकाल तोफ कशालाही घाबरत नव्हती, पण त्या गुंडाळीबद्दल मावशींना विचारायचा धीर काही तिला झाला नाही.

म्हणून तिने सिस्टरांना विचारलं. मावशी बाहेर शिडीवर चढल्याची खात्री करून घेतली, आणि मागे मोरीवर ब्रश धुताना विचारलं.

“बॅनर आहे तो,” सिस्टर म्हणाल्या. नळ चालूच होता. “आमच्यासारख्या माणसांची या शहरातली पहिली मिरवणूक. त्याआधी असं कोणी रस्त्यावर आलं नव्हतं. आम्ही तरी कुठे मोठे लागून गेलो होतो! एक शिंपी होता, एक कॉलेजातले सर होते. केस कापायच्या दुकानातली एक ताई होती, तिला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेलं आणि ती कुणाचंही न ऐकता ताईच झालेली. सगळ्यात धीट तीच. आणि आम्ही दोघी. एका खोलीत बसून ठरवलं की एकदा तरी पुलावरून वाचनालयापर्यंत चालत जायचं. दिवसाढवळ्या.”

“का?”

“का म्हणजे? लोक चालतात ना? तसं.” सिस्टर हसल्या. “पण चालायचं म्हटल्यावर सगळ्यांची पाचावर धारण. कोणाची नोकरी, कोणाची आई. मग तुझी मावशी म्हणाली, मी बॅनर एवढा उंच करते की धरणारे डोक्यासकट मागे झाकले जातील. अक्षरं तेवढी चालताना दिसतील. आणि तिने केला. काय अक्षरं काढली होती गं! ‘आम्हीही इथलेच’. बस्स, एवढंच.”

तोफ ब्रश धुवायची थांबली. ओले ब्रश हातात तसेच राहिले.

“पण पुलावर वारा असतो,” सिस्टर पुढे सांगू लागल्या. “एवढं मोठं कापड म्हणजे शीडच. धरणाऱ्याला उडवून नदीत टाकेल. म्हणून त्यात चिरा द्याव्या लागतात, अर्ध्या चंद्रासारख्या. वारा आला की कापडाची झडप उघडते, वारा निघून जातो, झडप परत मिटते. ती त्यांना वाऱ्याच्या खिडक्या म्हणते. त्या कापायच्या असतात अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागेत. आणि ती जागा नेमकी आली आमच्या तोंडासमोर.”

“मग?”

“मग काय, चाललो. लोक थांबून बघत होते. एकाने टोमॅटो मारला, बॅनरच्या कोपऱ्यावर बसला. ही मागून मला म्हणते, रंग चुकलाय, एवढा लाल मी लावला नसता!” सिस्टर आता इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. “आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सगळी अक्षरं, एक उघडी खिडकी, आणि त्या खिडकीत माझं तोंड.”

त्यांनी नळ बंद केला. कपाटाखालून पत्र्याची पेटी ओढली. तिच्यात नर्सचा पट्टा होता, जुनं घड्याळ होतं, आणि तळाशी, कडा पिवळ्या पडलेलं ते कात्रण.

“मेट्रनने मला मुलांच्या वॉर्डातून काढलं. चादरींच्या कोठारात टाकलं. भावाने दार लावून घेतलं, ते त्याच्या शेवटापर्यंत उघडलं नाही. पुढे मेट्रन बदलली, वॉर्ड परत मिळाला. पण तोवर वॉर्डातली माझी पोरं मोठी होऊन घरी निघून गेली होती गं. चादरींना नावं नसतात, आणि चादरी हातही धरत नाहीत.”

तोफेने फोटो हातात घेतला. एक कापड, उंच, सपाट. आणि मधोमध, काळ्या अक्षरांच्या मध्ये, एक तरुण, बुटकी, हसणारी बाई. हसणारी! तोफ बघतच राहिली. मग तिने फोटो नाकाजवळ नेला. मग उजेडात नेला.

“सिस्टर,” ती कुजबुजली. “वारा होता ना?”

“का गं?”

“नाही, म्हणजे...” आणि इथे घोटाळा झाला. तोफेला आवाज सापडल्यापासून कुजबुज तिला जमेनाशीच झाली होती. कुजबुजायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते सायकलवाल्यालाही ऐकू जाईल असं: “वारा असता तर सगळ्याच खिडक्या उघडल्या असत्या! बाकीच्या बघा ना! सगळ्या बंद आहेत, इस्त्री केल्यासारख्या! एकच उघडी आहे! आणि हे काय? हे तर बोट आहे! झडपेच्या खाली हे तुमचं बोट आहे!”

दारात मावशी उभ्या होत्या. हातात ब्रश, ब्रशातून पायावर रंग ठिबकतोय.

“आण इकडे,” त्या म्हणाल्या.

“ठेव गं पेटीत,” सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. पण तोफेने फोटो देऊन टाकला होता.

मावशींनी चष्मा चढवला. पाटी तपासतात तसा तो फोटो त्यांनी आधी हात लांब करून बघितला, मग जवळ आणून. त्यांनी तो इतक्या वर्षांत एकदाही नीट पाहिला नव्हता, हे तोफेला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“कापड सपाट आहे,” मावशी सावकाश म्हणाल्या. “दोऱ्या ढिल्या लोंबतायत. वारा नाहीये.” मग त्या सिस्टरांकडे वळल्या. “तू?”

“मग कोण!” सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “पुलाच्या मध्यावर वारा पडला. चिरेतून दिसलं, समोर फोटोवाला गुडघ्यावर बसलाय. म्हटलं, हा फोटो छापणार, आणि त्यात नुसती अक्षरं? मागे कोणी नाहीच? लोक म्हणतील, चार काठ्या रोवून त्यावर कापड टांगलंय. एवढं सुंदर लिहिलंस तू, ‘आम्ही’ म्हणून, आणि ‘आम्ही’त माणूसच दिसू नये? घातलं बोट. उचलली झडप.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलं नाहीस!”

“कसं विचारू? माझ्या कात्रीने तुझा वॉर्ड गेला. तुझा भाऊ गेला. खिडक्या पोटाशी कापल्या असत्या तर तुझं तोंड झाकलेलं राहिलं असतं. रोज मनात येतं माझ्या. रोज, शिडीवर चढताना.”

सिस्टरांचे हात कमरेवरून खाली आले. “अगं वेडे, मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस! मिरवणुकीचा फोटो आला आणि तू बॅनर गुंडाळून माळ्यावर टाकलास. एक शब्द नाही. म्हटलं, हिने सगळ्यांना झाकायला एवढा उंच केला आणि मी आगाऊपणा करून तोंड बाहेर काढलं, म्हणून हिला राग. मग मी कशाला विषय काढू?”

“मी कात्रीवर रागावले होते!”

“आणि मी चादरी मोजत समजत होते की माझ्यावर!”

तोफेची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती दोन्ही थोडं थोडं करत होती. मावशी उलट्या डब्यावर बसल्या. बाजूला पडलेल्या फडक्याने त्यांनी डोळे पुसले, आणि ते फडकं टर्पेंटाइनचं निघालं.

“अगं, डोळे घालवशील!” सिस्टर ओरडल्या. त्यांनी मावशींना नळाखाली धरलं, पाणी मारलं, वर दोन शिव्या दिल्या. मावशी ओल्या चेहऱ्याने हसत होत्या, आणि म्हणत होत्या, “बोट घातलं म्हणे. बोट!”

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “तोफ, शिडी आत आण.”

चादर सोडली तेव्हा धूळ उडाली. कापड खोलीभर पसरलं, पलंगावरून, खुर्च्यांवरून, थेट दारापर्यंत. काळी अक्षरं, एकही जोड न दिसणारी. कोपऱ्यात फिकट तांबूस डाग. तोफ गुडघ्यावर बसली आणि तिने एका खिडकीची झडप बोटाने उचलली. कापडाखाली शिरलेल्या सिस्टरांनी तिथून डोळा मारला.

“घेऊन जा शाळेत,” मावशी म्हणाल्या. “पण ते ‘पहिली बाई-पेंटर’ राहू दे बाजूला. आम्ही दोघी येऊ. आणि दोघी कोण, ते तू सगळ्यांसमोर सांगायचं. मैत्रिणी, आतेबहिणी, असलं काही तोंडातून निघालं, तर मी बॅनर गुंडाळून घरी. मोठ्याने सांगायचं. तुला जमेल.”

“मला?” तोफ उडालीच. “मला तर हळू बोलणंच जमत नाही!”

*

वर्गाच्या बाईंनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे आधी चमकले, मग त्यांनी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये त्या बराच वेळ होत्या. तोफ बाहेर एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

“उद्या प्रदर्शनाला हॉल पालकांनी भरलेला असणार,” बाई बाहेर येऊन म्हणाल्या. “मोठ्या बाई म्हणतात, उद्या सकाळी तुझ्या आई-बाबांनी येऊन तोंडी हो म्हणावं. ते हो म्हणाले तर बॅनर मध्यभागी. नाही म्हणाले, तर नुसत्या दुकानाच्या पाट्यांचे फोटो लावू.”

“पण मावशी तशा येणार नाहीत!”

“माहीत आहे मला.” बाई थांबल्या. “एक विचारू? उद्या तुझे बाबा मला विचारतील, हिनेच का धरायचा बॅनर? काय सांगू मी? मावशींवर प्रेम आहे म्हणून?”

तोफेने तोंड उघडलं. आणि काय आश्चर्य, काही आलंच नाही. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मला नको सांगूस. जिथे सांगायचं तिथे सांग.”

फाटकापाशी बांबू उभी होती. पैजेचा आठवडा कधीच संपला होता, तरी तोफेचं दप्तर अजून तिच्याच खांद्यावर असायचं.

“बॅनरला दोन टोकं असतात,” बांबू जमिनीकडे बघत म्हणाली. “दुसरं मी धरीन. म्हणजे, तुला चालत असेल तर.”

“चालेल,” तोफ म्हणाली. इतकं हळू की पुस्तकालासुद्धा ऐकू आलं नसतं.

पण घरापर्यंतचा रस्ता ती चालत गेलीच नाही, उडत गेली. पुलावर वारा मस्त सुटला होता.

*

तोफेचे बाबा गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याने गडबड केली की बाबांचा पाय आपोआप खाली जायचा. त्या सवयीने ते घरीसुद्धा ब्रेक मारायचे. टीव्हीवर गाडी वळली की ब्रेक. आईने कपाटाच्या वरचा डबा एका हाताने काढला की ब्रेक. चप्पल जमिनीवर करकचून दाबली जायची आणि आई म्हणायची, “झाली गाडी उभी. आता जेवा.” बाबा एकदा म्हणाले होते, ब्रेक मारणं कोणालाही येतं. अवघड असतं ते पाय उचलून घेणं. शिकणाऱ्याला पहिल्यांदा वळण त्याचं त्याला घेऊ देणं.

आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडायला लावण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

“काय झालंय चिमणीला?” ताट वाढता वाढता ती म्हणाली. “घास हातात, लक्ष पंख्यावर. बोल.”

तोफेने घास खाली ठेवला. पाणी प्यायली. टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरले. त्या कडेवर नखाने रेघ ओढली, सरळ, खडूच्या दोरीसारखी.

“मला तुम्हाला सांगायचंय,” ती म्हणाली. “विचारायचं नाहीये हं. सांगायचंय.”

आईचा वाढायचा चमचा हवेत राहिला. बाबांनी मान वर केली.

“उद्या प्रदर्शनात पेंटर मावशींचा बॅनर मी धरणार आहे. या शहरात अशा माणसांची पहिली मिरवणूक निघाली होती ना, त्यातला बॅनर. त्याच्यावर लिहिलंय, ‘आम्हीही इथलेच’. मावशी आणि सिस्टर माझ्या शेजारी उभ्या राहणार. आणि मी सांगणार, मोठ्याने, की त्या एकमेकींचं माणूस आहेत. सिस्टरांनी त्या दिवशी आपणहून चेहरा दाखवला होता, तेही सांगणार. तुम्ही सकाळी येऊन हो म्हणायला हवं. नाही म्हणालात तरी मी मावशींच्या दुकानाबाहेर धरीन, रस्त्यावर. ते ठरलंय.”

“अगं पण हिनेच का...” बाबांनी आईकडे बघून सुरुवात केली.

“तेच सांगतेय,” तोफ म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. बारीकही नव्हता. तो नेमका त्या टेबलाएवढा होता. “कोणी विचारलं की तू का धरलायस, तर प्रोजेक्ट आहे असं मी म्हणणार नाही. बॅनरवर जे ‘आम्ही’ लिहिलंय ना, त्यात मी आहे. मला आत्ताशी कळलंय. हॉलमध्ये सगळ्यांबरोबर तुम्हाला कळायला नको, तुम्हाला आधी कळायला हवं, म्हणून सांगितलं.”

खोलीत पंखा फिरत होता. आईने चमचा पातेल्यात ठेवला, अगदी आवाज न करता, आणि रिकामा झालेला हात चिमणीच्या मनगटाजवळ आणून टेकवला.

टेबलाखाली बाबांची चप्पल जमिनीवर घट्ट दाबलेली होती, पायाच्या शिरा ताणलेल्या. तोफेने ती पाहिली आणि ती वाट बघत राहिली. मग चप्पल ढिली झाली. आधी टाच, मग चवडा. बाबांनी पाय हळूच वर उचलला आणि तसाच धरून ठेवला.